ताराचा काढा

बाजारहत्नूर,
२ ऑगस्ट १९९१

नागनाथ,

गोळ्याची पुडी पाठवत नाही, आन वरतून तू शेजारच्या चंपतजवळ निरोप पाठवतो का अक्काले म्हणावं धीर धर! धीर काय मी वावरात पेरला आहे का, उपटून तुह्या बायकोच्या हातात द्यायले? आषाढ सरून राह्यला. भर दुपारी माणसं गोधड्या पांघरून हुडहुडून राह्यली. मागच्या साली पहिल्या पावसाच्या आधी तुही पुडी घरात येऊन पडली होती. अवंदा नाही. काऊन नाही ते तू लिहीत नाही, आन धीर धर म्हणतो.

तू तिकडे भैंशात डॉक्टरचा कंपाउंडर, कपाटाची किल्ली तुह्या कमरेले. इकडे तुही बायको तारा काढा उकळून उकळून डोळे लाल करून बसली. लोक दारात गिलास घेऊन उभे. त्याहीले काय माहीत का त्या काढ्यात तुह्या कुनैनच्या गोळ्या कुटून पडतात तवा ताप मोडते. तारा म्हणते, अक्का, पुडी आल्याबिगर मी कोणाले देत नाही. मी म्हटलं, दे, निदान तोंड तं कडू होईल, लोकं घरी जातील.

सरकारी माणूस आला होता. फवारा मारला, भिंतीवर खडूनं तारीख लिहिली, गोळ्या वाटल्या. बाया त्याच्यासमोर गोळी तोंडात टाकतात आन त्याची सायकल वळली का उकिरड्यावर थुंकतात. विमलबाईचं पोट पडलं तवापासून गावात हेच, का सरकारी गोळीनं पोट पडते. तिले ताप होता म्हणून पोट पडलं हे सांगायले गेली तं माह्याच अंगावर आल्या. फवाऱ्याचंही तसंच. सण आले, भिंती वास मारून राह्यल्या, म्हणून साऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी शेणानं सारवून टाकल्या. मीही सारवली. मले नको सांगू, तू येऊन पाह्य कसे पांढरे डाग पडले होते.

परवा धोंडीबा तापात उठला आन बायकोच्या डोक्यात पाट घातला. टाके पडले तिले. शुद्धीवर आला तं तिचेच पाय धरून रडत बसला. मागच्या साली हाच धोंडीबा ताराच्या काढ्यानं उठला होता, आन पोळ्याले तिले लुगडं नेसवलं होतं. अवंदा काय नेसवते पाहू.

तुह्या खोलीवर कोण शिजवून घालते ते मी विचारत नाही. नवरा मेल्यापासून मी तुह्या घरात आहे, तुह्या बायकोसंग वांगे तोडते, मिरची खुडते, आमचं दोघींचं बरं चाललं आहे. पण पुडी पाह्यजे. येत्या बाजाराच्या आत आली नाही तं मी बसनं भैंशाले येते, तुह्या डॉक्टरच्या दारात बसते आन सांगते का तुमच्या कपाटातल्या गोळ्या दरसाली कुठी जातात. मी बोलली ते करते, तुले माहीत आहे.

मनकर्णा

०

भैंसा,
११ ऑगस्ट १९९१

ती. अक्कास नागनाथचा नमस्कार.

तुझं पत्र डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर पडलं होतं. त्यांनी फोडलं नाही हे माझं नशीब. यापुढे दवाखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकू नकोस, खोलीच्या पत्त्यावर टाक. आणि असल्या गोष्टी कागदावर लिहायच्या नसतात, एवढं तरी समजून घे.

चंपत कांदे घेऊन इकडे आला आहे. त्याच्या हाती पुडी पाठवतो आहे. या खेपेच्या गोळ्या जरा मोठ्या आहेत. कंपनी वेगळी आहे, औषध तेच. त्यावरून घरात वाद घालू नका. पूर्वीसारख्याच कुटून काढ्यात टाका, पहिल्या दिवशी जास्त, मग कमी. आता तरी इकडे येऊन तमाशा करायची भाषा सोड. साहेब मोठा कडक माणूस आहे. मला इथं कोणी दुसरं विचारणारं नाही.

ताराला माझं एक सांग. तिच्या बापानं शिकवलं त्याबद्दल मी काही बोलत नाही, पण नुसती गुळवेल, किराईत आणि सातविणीची साल उकळून हा ताप जात नाही. अंग थोडं हलकं होतं, भूक लागते, एवढंच. हा ताप डासापासून येतो आणि गोळीनं जातो. तिनं फार फुशारकी मारू नये.

पाऊस इकडे बरा आहे. प्रकृतीस जपा.

तुझा,
नागनाथ

०

बाजारहत्नूर,
२६ ऑगस्ट १९९१

नागनाथ,

पुडी पोचली. पण तू पत्रात जे लिहून ठेवलं त्यानं घरात दुसरंच झालं.

मी नेहमीसारखं पत्र मोठ्यानं वाचून दाखवून राह्यली होती. तारा चुलीपाशी. तुही ती झाडांची नावं आली तशी ती कानावर हात ठेवून उठली आन बाहेर पळाली. मले समजलंच नाही, मी आपली पुढी वाचतच गेली. मांगून आली ते रडतच. तिच्या बापानं तिले सांगून ठेवलं आहे का औषध उपटायले जायचं तं कोणाशी बोलायचं नाही, आन त्याचं नाव कोणापुढी घ्यायचं नाही. नाव घेतलं का गुण उतरते. मी इतके साल तिच्यासंग राहते, मले डोळ्यानं दिसते ती काय आणते, पण मीही कधी नाव घेतलं नाही. तू घेतलं, आन तेही तीन-तीन. म्हणते, अक्का, आता हा काढा पाणी झाला. सारं मडकं उकिरड्यावर ओतलं आन पहाटे जाऊन नवीन आणलं. मी म्हटलं, येडे, त्यात गुण कुनैनचा आहे. ती म्हणते, दोघाचा आहे.

असो. आता ऐक, आन नीट वाच.

अमृतराव दुकानदाराची सून मथुरा, उद्धवची बायको, ती तापली. पोटुशी आहे. पहिलटकरीण. सरकारी गोळी तं ते घरात येऊ देत नाहीत. सासू भागीरथा स्वता काढा मागायले आली. तारानं दिला, तुह्या गोळ्या टाकून, तू सांगितलं तसा, पहिल्या दिवशी जास्त. दुसऱ्या दिवशीही दिला. ताप उतरला नाही. पहिले असं कधी झालं नव्हतं. थंडी वाजते, घाम येते, पुन्हा चढते. आता पोरगी बरळून राह्यली. सासऱ्याचं नाव घेऊन शिव्या देते, दातखीळ बसते, डोळे पांढरे करते. कोणाले वळखत नाही.

त्याहीनं काय केलं माहीत आहे? देवऋषी आणला. तो म्हणे भानामती. मथुरेचे केस खांबाले बांधले. नाकाखाली मिरच्याची धुरी दिली. चिंचेच्या फोकेनं पायावर, पाठीवर मारलं, बोल कोण आहेस, कोणी धाडलं, बोल. पोटातलं पोर नाही पाह्यलं त्याहीनं. ती बिचारी तापात काय बोलते, म्हणे पाणी द्या. देवऋषी म्हणे, हे भूत पाणी मागते.

मी आन तारा धावत गेलो. तारानं जन्मात पहिल्यांदा त्या घरात आवाज चढवला. अमृतरावले म्हणे, मामाजी, हिले सोडा, बैलगाडी जुपा, दवाखान्यात न्या, माह्या काढ्यानं हे बरं होत नाही. उद्धवनं तिच्या थोबाडीत मारली, अशी का ती रांजणावर जाऊन आदळली. कान फुटल्यासारखा सुजला. अमृतराव म्हणतो, काढा तुहा, आन आता तुह्यानं होत नाही म्हणते? काय घातलं होतं त्यात?

तारानं गोळ्यांचं नाव काढलं नाही. मीही नाही, तुह्यासाठी.

आता मले सांग, गोळ्या कायच्या होत्या? जुन्या होत्या का? भिजल्या होत्या का? इतक्या साली मोडला तो ताप अवंदा काऊन मोडत नाही? लवकर लिही. ती पोरगी मरायले टेकली.

मनकर्णा

०

भैंसा,
१ सप्टेंबर १९९१

ती. अक्कास,

गोळ्या चांगल्याच होत्या. शंका घेऊ नकोस. ताप डोक्यात गेला असेल तर तोंडातून दिलेल्या औषधानं काही होत नाही, इंजेक्शन लागतं, सलाइन लागतं. तिला दवाखान्यात न्यायला त्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर तुम्ही काय करणार? दुसऱ्याच्या घरात शिरायची तुला सवयच आहे, ती आता तरी सोड.

काढा बंद करा. कोणालाही देऊ नका. उरलेल्या गोळ्या नाल्यात फेकून दे. पुडीचा कागदही जाळ. कोणी विचारलं तर तारानं म्हणावं की मी नुसता झाडपाला देते, बापानं शिकवलेला. तेवढं खोटंही नाही.

माझं नाव कुठं घेऊ नकोस. इथं साहेबांनी कपाटाला नवं कुलूप लावलं आहे आणि किल्ली स्वतःकडे ठेवली आहे, जेठ महिन्यापासून. माझ्यावर नजर आहे. नोकरी गेली तर तुम्हा दोघींच्या मिरचीवर आपण तिघं जगणार आहोत का?

ताराच्या कानात कोमट तेल घाला.

नागनाथ

०

बाजारहत्नूर,
१२ सप्टेंबर १९९१

नागनाथ,

तेल कानात घालायचं राह्यलं. आता कान सोडून दुसरंच पाहावं लागून राह्यलं.

मथुरा पोळ्याच्या सकाळी मेली. गावातले बैल नाल्यावर धुवायले नेले होते, पोरं शिंगं रंगवत होती, तिकडून भागीरथाची बोंब आली. पोर पोटातच होतं. मसणात नेऊन पोट कापून पोर वेगळं केलं आन मग दोघांना जाळलं. तो उद्धव, ज्यानं तिच्या पाठीवर फोका मोडल्या, तोच मसणात लोळून लोळून रडला म्हणे.

मसणातून माणसं घरी गेली नाहीत. ओल्या धोतरानं सीधे आमच्या दारात. बैल सजले नाहीत पण बैलाचे कासरे त्यांच्या हातात होते. तारा अंगणात मडकं घासत होती. केस धरून ओढली. आपल्या गोठ्यातल्या खुंट्याले कासऱ्यानं बांधली, गुडघ्यावर, बैल बांधतात तशी. मले दोघाजणांनी भिंतीशी दाबून धरलं.

अमृतराव म्हणे, काढ्यात काय होतं, नाव सांग. तारानं मान हालवली, नाही. उद्धवनं पराणी मारली, तीच टोकाले खिळा असलेली, बैल हाकायची. खांद्यात घुसली. नाव सांग. नाही. पुन्हा. तिच्या चोळीतून रगत निथळून राह्यलं होतं आन ती मान हालवते, नाही. नाव घ्यायचं नाही, बापानं सांगितलं. त्या मारणाऱ्याहीले वाटे, ही बोलत नाही म्हंजे हिचं तोंड मंतरानं भरलं आहे.

मग माह्यानं राह्यवलं नाही. मी वरडली, अरे मुडद्यांनो, कुनैन होतं त्यात! कुनैनच्या गोळ्या, तापाच्या! झाडपाला आन गोळ्या!

उद्धवची पराणी खाली आली. मले वाटलं, सुटली. तेवढ्यात भागीरथानं छाती बडवली, आइकलं का, पोट पाडायच्या गोळ्या! माह्या सुनेले पोट पाडायच्या गोळ्या घातल्या हिनं, चोरून, काढ्यात!

मी खरं बोलली आन तेच तिच्या तोंडावर पडलं. तू म्हणशील, तुले कोणी बोलायले सांगितलं. कोणी नाही. तिथं तू नव्हता ना बोलायले.

मग कोणीतरी म्हणे, दात पाडा, म्हंजे मंतर म्हणता येत नाही. धोंडीबानं तिचं डोकं मागून धरलं. होय, लुगडं नेसवणारा धोंडीबा. माह्याच स्वैपाकघरातून उद्धवनं वरवंटा आणला. पहिल्या घावात ओठ फाटला. दुसऱ्यात दात गेले. तिसरा जबड्यावर बसला, तो आवाज मले अजून अंगणात आइकू येते, पाटा नुसता पडला तरी. ती वरडलीसुद्धा नाही नीट. तोंड भरून रगत होतं, कशानं वरडंल.

मले धरणाऱ्यातला एकजण ते पाहून वाकून वकला. त्याचा हात सुटला. छपराच्या वाशाले विळा खोचला होता. मी तो घेतला आन धोंडीबाच्या हातावर घातला, तिचं डोकं धरलेल्या हातावर. मनगटापासून पार सोलला गेला. बोटं लोंबकळली. दुसरा घाव उद्धवच्या मानेवर घालणार होती, तो पळाला. मग सारेच पळाले. मर्दाची जात.

चंपतनं जीप आणली. तारा माह्या मांडीवर, मी पदर तिच्या तोंडात कोंबलेला. सरकारी दवाखान्यात जबडा तारेनं बांधला. आता बोलता येत नाही, पातळ काही नळीनं जाते तेवढंच. मी अंगणातून तिचे दात वेचून पदराले गाठ मारून आणले. नर्स म्हणे, याचं काय करता मावशी? मी म्हटलं, हिच्या नवऱ्याले दाखवायचे आहेत.

ठाण्यात माह्यावर फिर्याद आहे, धोंडीबाच्या हाताची. विळा जप्त झाला. अमृतरावानं ताराच्या नावानं फिर्याद दिली का तिनं गोळ्या घालून सून मारली. उद्धववर मी दिली आहे. जमादार म्हणे, बाई, तुमची भावजय बोलू लागली का बयान लिहून घेतो, नाही तं खुणेनं घेतो, पण काढ्यात काय होतं ते मले कोणीतरी खात्रीनं सांगा.

खात्रीनं सांगणारा माणूस भैंशात बसला आहे. ये. पहिली बस पकड आन ये.

मनकर्णा

०

भैंसा,
१७ सप्टेंबर १९९१

ती. अक्कास,

पत्र पोचलं. ताराला जपा. दवाखान्यातून लवकर आणू नका. तिला सांगा, दिवाळीला मी नक्की येतो.

आता येणं शक्य नाही. साहेब रजा देत नाहीत, आणि मी तिथं आलो की लोक विचारणार, हा कशाला आला, याचा काय संबंध. एकदा माझं नाव निघालं की गोळ्या कुठून आल्या हे निघेल. मग चोरीची फिर्याद, मग तुम्हीही त्यात. मी बाहेर असलो तर पुढं काही तरी करू शकेन.

तू जमादाराला लिहून दे की गोळ्यांचं मी रागाच्या भरात, भावजयीला वाचवायला बोलले, काढ्यात झाडपाल्याशिवाय काही नव्हतं. झाडपाल्यानं कोणी मरत नाही, हे कोणीही मान्य करील. प्रकरण मिटेल. तू तोंड आवरलं असतंस तर इथवर आलंच नसतं. पण आता त्याचं काय.

गोळ्या फेकल्यास ना? ते पहिलं कळव. एकही ठेवू नकोस.

नागनाथ

०

बाजारहत्नूर,
२२ सप्टेंबर १९९१

नागनाथ,

नाही फेकल्या.

फेकणार होती. तू पहिल्यांदा लिहिलं तवा मडक्याच्या उतरंडीत पुडी तशीच राह्यली. मग पोळा झाला, मग दवाखाना. काल दवाखान्यातून घरी कपडे घ्यायले आली. अंगण धुतलं कोणी नाही, तसंच वाळून काळं पडलं आहे. तुही चिठ्ठी हातात होती. फेकल्यास ना, एकही ठेवू नकोस. मी म्हटलं, बायकोचा जबडा मोडला आन हा माणूस गोळीचं विचारते, दात किती गेले ते नाही विचारत. म्हणून उतरंड उतरवली आन पुडी उघडली.

एक गोळी जिभेवर ठेवली.

कुनैन कसं लागते ते मले सांगू नको. मागच्या साली मी स्वता खाल्लं आहे, काढ्याबिगर, कोरडं. जीभ वळून घशात जाते, पाणी पेलं तरी कडू, दुसऱ्या दिवशी भाकर कडू. हे खडूसारखं लागलं. भुगा झाला आन वरतून गोडूस. मी थुंकली नाही. चावून खाल्ली. चावताना मले आठवलं का हे तोंडानं पहिले कुठी पाह्यलं. आईचे गुडघे गेले होते तवा तू आणायचा, बुढे चावून खाय, गोड आहे, हाडाले चुना लागते. तिच्या उशाशी डबी होती. मीही एखादी खाल्ली होती, तू मले हासला होता.

त्याच गोळ्या आहेत. मोठ्या. कंपनी वेगळी म्हणे!

काढा असा कडूजहर का त्यात चुना पडला का कुनैन, ताराले काय समजणार. तिनं चुना कुटला, चुना घातला, चुना पाजला. मथुरेले वाटलं औषध पोटात गेलं. तिच्या सासूले वाटलं. मले वाटलं. त्याच भरवशावर आमी पहिले दोन-तीन दिवस घरी बसलो, का आता उतरंल, आता उतरंल. त्या दिवसात गाडी जुपली असती तं ती पोरगी जगली असती का नाही मले माहीत नाही. पण जुपली असती.

तूच लिहिलं का कपाटाले जेठापासून नवं कुलूप आहे. म्हंजे आषाढात तुह्यापाशी गोळ्या नव्हत्याच. मी लिहिलं होतं का भैंशाले येते, डॉक्टरच्या दारात बसते. म्हणून तू काहीतरी पांढरं पुडीत बांधून माह्यं तोंड बंद केलं का? तसं असंल तं तसं लिही. मले बोल लाव, मी आइकून घेईन. पण नागनाथ, गोळ्या मिळाल्या नाहीत एवढं लिहिलं असतं तं मी तुले काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या. शिव्या खायले तुले इतकं जड होतं?

आता ताराचं आइक. ती जेवत नाही. नळी ओढून काढते. जबडा दुखते म्हणून नाही. खुणेनं सांगते मले: पहिले तुह्या पत्राकडे बोट, मग कानाकडे, मग हात उपडा करून दाखवते, मडकं ओतल्यासारखा. नावं आइकली म्हणून गुण गेला, असं तिच्या डोक्यात बसलं आहे. मथुरा आपल्यानं मेली, म्हणून मार खाल्ला तो बरोबर खाल्ला, असं तिले वाटते. खिळ्याची पराणी अंगात घुसली तरी ती बापाचा शब्द पाळत होती, आन वरतून तुहं नाव वाचवत होती. आन तू तिले दिवाळीचं सांगतो.

चुन्याचं मी तिले अजून सांगितलं नाही. मी सांगितलं तं म्हणंल, अक्का मले बरं वाटावं म्हणून बोलते. तुह्या नवऱ्यानं कबूल केलं, हे त्याचं अक्षर, असं दाखवलं तरच ती नळी तोंडात घेईल. नाही तं ती दवाखान्यातच मरते, आन मग उद्धवच्या वरवंट्यासंग तुह्या पुडीचाही हिशोब करावा लागंल मले.

जमादार शनिवारी दवाखान्यात येऊन बयान घेणार आहे. अमृतरावाकडली माणसं दवाखान्याच्या फाटकाशी उभी राह्यतात, मले पाहून थुंकतात, म्हणतात बाहेर निघू दे तिले, बाकीचे दात आहेत अजून. काढ्यात पोट पाडायचं काही नव्हतं, विष नव्हतं, नुसता चुना होता, हे तू सांगितलं तरच तिच्यावरची फिर्याद पडते. गोळ्या मी देईन जमादाराले. पण त्या कोणी दिल्या, काय म्हणून दिल्या, ते तुह्या तोंडचं पाह्यजे. मी खोटं लिहून देत नाही. एकदा खरं बोलली तं दात पडले, आता अर्ध्यात मागं काय सरू.

तुही नोकरी जाईल. जाऊ दे. मिरची आहे, वांगे आहेत. तिघं नाही तं दोघी जगू.

या पाकिटात एक पुडी आहे, कागदात गुंडाळलेली. हातावर उघडून पाह्य. एक तुही गोळी आहे आन एक तिचा दात, समोरचा. दोन्ही पांढरे आहेत, चुकशील म्हणून सांगते, मुळाशी रगत वाळलं आहे तो दात.

विळा जमादाराजवळ आहे, पण चंपतच्या घरी दुसरा आहे. शनिवारी तुह्याबिगर जमादार आला तं मी त्याले गोळ्या देते, तुह्या तिन्ही चिठ्ठ्या देते, आन रविवारच्या बसनं भैंशाले येते. तवा डॉक्टरच्या दारात नुसती बसणार नाही.

स्वता ये, नाही तं सही करून लिही: त्या पुडीत काय होतं, आन तुले ते माहीत होतं का नाही. शुक्रवारच्या सांजच्या बसच्या आत.

मनकर्णा